राज्य कर निरीक्षक म्हणून रुजू होताय? वॉर्डातले काम हाताळायचे कसे

माझ्या जावेच्या मुलीची राज्य कर खात्यात निवड झाली, तेव्हा घरात पेढे वाटून होईपर्यंत शेजाऱ्यांनी तिला विचारून घेतले, "म्हणजे आता धाडी घालणार?" तिलाही थोडेफार तसेच वाटत होते. मग दोन-तीन संध्याकाळी बसून तिला जे सांगितले ते इथे लिहिते आहे, म्हणजे तिच्यासारख्या इतरांनाही वाचता येईल. मी गोव्यातल्या डिचोलीची. खात्यात लागले तेव्हा विक्रीकर होता, नंतर २००५ साली व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. म्हापसा, मडगाव, वास्को, डिचोली अशा वॉर्डांत, म्हणजे खात्याच्या त्या-त्या भागातल्या कार्यालयांत, काम केले, आता निवृत्त आहे.

धाडीचे आधीच सांगून टाकते: त्या क्वचित असतात. रोज समोर असतो तो संगणकाचा पडदा, त्यावरचे अर्ज, नोटिशी, उत्तरे, आदेश. ही लिहिण्याची नोकरी आहे. तुम्ही पाहिलेले कागदावर नीट उतरले नाही तर पाहिले नसल्यातच जमा, कारण फाइल पुढे वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो आणि तुमची तोपर्यंत बदली झालेली असते.

रुजू होण्याआधी

पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोकणीचे ज्ञान, कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरची परीक्षा, हे सगळे तुम्ही पार केले आहे, त्यावर बोलत नाही. प्रोबेशनची दोन वर्षे मात्र फुकट घालवू नका. एला, जुने गोवे इथल्या गिपार्डमध्ये, म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षण लागले तर तिथे नोंदी काढा, पण जीएसटीचा कायदा स्वतः वाचा. कुठला भाग? सगळा नको. नोंदणीची कलमे २२ ते ३०, छाननीचे ६१, मागणीची ७३, ७४ आणि २०२४-२५ पासूनच्या वर्षांना लागणारे ७४अ, रस्त्यावरच्या मालाचे १२९, आणि कलम ७५. हे शेवटचे कोणी वाचत नाही. माझ्या मते तेच पहिले वाचावे.

दर पाठ करण्याच्या नादी लागू नका. २२ सप्टेंबर २०२५ रोजी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी निघाले आणि ज्यांनी जुना तक्ता घोकला होता त्यांचे घोकणे वाया गेले. दर कुठे बघायचा आणि कुठल्या तारखेचा बघायचा, एवढे आले की पुरे. व्यवहार ज्या दिवशीचा, त्या दिवशीचा दर.

व्यापारी नेमका कोणाचा

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कागद घेऊन येईल आणि तो तुमचा नसेल. गोव्यात जीएसटीची दोन घरे आहेत: आपले राज्य कर खाते आणि पणजीत पाटोवरचे केंद्राचे जीएसटी भवन. वाटणी अशी की दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांपैकी ९० टक्के राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. दीड कोटीच्या वर निम्मे-निम्मे. समोरच्या दुकानदाराला हे माहीत असण्याचे कारण नाही. पोर्टलवर त्याचा क्रमांक टाकून अधिकारक्षेत्र बघा आणि कुठे जायचे ते कागदावर लिहून द्या. "इथे नाही" एवढेच सांगितले की तो माणूस उन्हात पणजीभर फिरतो, आणि त्याच्या लेखी सरकार म्हणजे तुम्ही.

क्रमांकाची ओळख करून घ्या. पंधरा अक्षरे-अंक असतात. पहिले दोन राज्याचे, गोव्याचे ३०, पुढचे दहा पॅन. बिलावर २७ दिसले तर माल महाराष्ट्रातल्या नोंदणीवरून आला, २९ म्हणजे कर्नाटक. महाराष्ट्रातल्या बांद्याहून म्हापशाला येणाऱ्या मालाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर, लावलेला दिसला की तिथेच थांबा, दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी का नाही ते विचारा.

जागेची पाहणी

निरीक्षकाचे खरे काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नोंदणीचा अर्ज आला, आधार पडताळणी झालेली नाही किंवा यंत्रणेने जोखमीचा ठरवला, की जागा बघायला तुम्हाला पाठवतात. अहवाल आरईजी-३० या फॉर्मात फोटोसह चढवायचा असतो. आता गोव्यातल्या घरांची गंमत बघा. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारले त्याला वीस वर्षे झाली. घरपट्टी काकांच्या नावावर, काका मुंबईला. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेची, किंवा भाटकाराची (जमीनमालकाची) आणि अर्जदार मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे प्रकरण, कोर्टात पडून आहे. अशा घराच्या पडवीत एक मुलगी केकचा व्यवसाय सुरू करते आणि तिच्याकडून मालकीचा स्वच्छ कागद मागायचा म्हणजे तिला व्यवसाय करू नको असेच सांगायचे.

कायदा तेवढे मागत नाही. तिथे धंदा चालतो की नाही आणि ती जागा वापरण्याचा तिला काही आधार आहे की नाही, एवढेच बघायचे असते. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, आणि ज्याच्या नावावर आहे त्याचे किंवा घरात राहणाऱ्या वारसाचे संमतीपत्र, यावर काम व्हायला हवे. यादीत नसलेले कागद उगीच मागू नका, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेच एप्रिल २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवले. ती सूचना केंद्राच्या लोकांसाठी असली तरी टेबलाच्या खणात ठेवा, उपयोगी पडते.

शंका असली तर आरईजी-०३, म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, काढायची, अर्जदाराला उत्तराला सात कामाचे दिवस मिळतात. त्यात "कागदपत्रे अपुरी" असे लिहू नका. कुठला कागद, त्यात काय खटकते आणि त्याऐवजी काय चालेल, हे तिन्ही लिहा. "जोडलेले वीजबिल अर्जदाराच्या नावे नाही, बिलावरील व्यक्तीशी नाते आणि वारसाचे संमतीपत्र जोडावे" असे लिहिले की त्याच दिवशी उत्तर येते. "अपुरी" लिहिले की तो अकाउंटंटला फोन करतो, अकाउंटंट तुम्हाला करतो आणि तुम्हाला तेच तोंडी सांगावे लागते.

जागेवर गेलात की आधी आजूबाजूला बघा, मग आत. गावात पत्ता म्हणजे वाडा आणि घर क्रमांक. पोस्टमन किंवा कोपऱ्यावरचा गाडेवाला सांगतो ते कुठल्याही नकाशापेक्षा अचूक असते. पाटी आहे का, माल आहे का, वजनकाटा, फ्रीज, पॅकिंगचे सामान, विजेचा मीटर चालतो का. अर्ज लोखंडी भंगाराच्या घाऊक व्यापाराचा असेल आणि समोर तुळशीवृंदावन आणि एक खोली, आतमध्ये एक टेबल, भाडेकरार मागच्याच आठवड्यातला, आणि फोनवर बोलणारा माणूस गोव्याबाहेरून "मॅडम, मैं अभी रास्ते में हूँ" म्हणत असेल, तर ओळखा. खोटी बिले विकणाऱ्या कंपन्या अशाच जन्माला येतात. माल हलत नाही, नुसती बिले हलतात, आणि पुढच्या माणसाला कराचे क्रेडिट मिळते, म्हणजे खरेदीवरचा कर स्वतःच्या देण्यातून वजा करता येतो. हे दारातच अडले तर अडते. एकदा क्रमांक मिळाला की मागे धावण्यात वर्षे जातात.

पण अशा वेळीही अहवालात "बोगस वाटते" लिहू नका. लिहा: खोली अंदाजे दहा बाय बारा, एक टेबल, दोन खुर्च्या, माल नाही, साठवणीची जागा नाही, घरमालकिणीने सांगितले की भाडेकरूला तिने पाहिलेले नाही. पाहणीची वेळ टाका. वरिष्ठाला निष्कर्ष काढू द्या.

पाहणीच्या वेळी आणखी एक प्रश्न न चुकता विचारा: अर्जात दिलेला मोबाइल आणि ईमेल कोणाचा? निम्म्याहून जास्त वेळा तो अकाउंटंटचा निघतो. म्हणजे पुढे जाणारी प्रत्येक नोटीस, प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. अकाउंटंट बदलला, पैशांवरून बिनसले, की दुकानदाराला काही कळत नाही. थेट वसुली बँकेपर्यंत पोचली की तो धावत येतो: "मॅडम, म्हाका कितेंच मेळूंक ना," मला काहीच मिळाले नाही. त्याचे खरे असते. नंबर स्वतःचा घालायला तिथेच सांगितले तर तुमचे आणि त्याचे पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

मोसम ओळखा

गोव्याचा धंदा ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे, उतरवतात, कामगार गावी जातात, मालक भात लावायला किंवा मुलांकडे. विक्री शून्य. त्यांना वाटते विक्री नाही तर विवरणपत्रही नाही. तसे नाही. शून्याचेही ३बी (जीएसटीआर-३बी, विक्री, क्रेडिट आणि कराचा गोषवारा देणारे विवरणपत्र) भरावे लागते, नाहीतर दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क चढते, आणि मासिक भरणाऱ्याने सलग सहा महिने, तिमाहीवाल्याने दोन तिमाह्या भरले नाही तर नोंदणी रद्द करायची नोटीस, आरईजी-१७, निघू शकते. मग मोसम सुरू होताना त्याच्याकडे क्रमांकच नाही.

म्हणून एप्रिल-मे मध्येच किनारपट्टीच्या वॉर्डात लोकांना सांगत सुटा. शून्याचे विवरणपत्र मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकाला एसएमएस पाठवूनही भरता येते, त्याला अकाउंटंट लागत नाही. हे दोन मिनिटांचे काम कळंगुट-कांदोळीत कितीतरी जणांना कधी कोणी दाखवलेले नसते. आरईजी-१७ काढायचीच असेल तर आधी फोन करा. कायद्यात फोनची सक्ती नाही. पण यादी काढून एका क्लिकसरशी दोनशे नोटिशी सोडण्यात ज्यांना शौर्य वाटते, त्यांच्याच टेबलावर पुढे नोंदणी पूर्ववत करण्याच्या अर्जांची चळत साठते. तो अर्ज आरईजी-२१, मुदत आदेशापासून ९० दिवस.

महिन्याचा ठोकाही मोसमासारखाच आहे. ११ तारखेला विक्रीच्या बिलांचे जीएसटीआर-१, १४ ला २बी (पुरवठादारांनी भरलेल्यावरून मिळू शकणाऱ्या क्रेडिटचा तक्ता) तयार होते, २० ला ३बी. एकोणीस-वीसला फोन वाजत राहतो, पोर्टल गोल गोल फिरत राहते. त्या दोन दिवशी सुनावण्या ठेवू नका.

हॉटेल, बार, काजू

तुमच्या वॉर्डात काय पिकते आणि काय विकले जाते हे आकड्यांआधी समजून घ्या.

हॉटेलात मर्यादा ७,५०० रुपयांची. खोलीचे एका दिवसाचे भाडे तेवढे किंवा कमी असेल तर ५ टक्के, क्रेडिट नाही. त्यावर गेले तर १८ टक्के. दरपत्रकावर काय छापले आहे ते महत्त्वाचे नाही, प्रत्यक्ष किती घेतले ते बघायचे. आणि हे लक्षात ठेवा: एप्रिल २०२५ पासून, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलने एखादी खोली ७,५०० च्या वर दिली, त्याचे आतले रेस्टॉरंट पुढच्या वर्षी १८ टक्क्यांत जाते. आमच्याकडे वर्षभर चार हजाराला जाणारी खोली ३१ डिसेंबरच्या रात्री नऊ हजाराला जाते. त्या एका रात्रीने वर्षभराच्या फिश थाळीचा कर बदलतो. मालकाला हे बहुधा ठाऊक नसते, म्हणून छाननीत डिसेंबरची शेवटची दहा दिवसांची बिले आधी उघडा. तो चोर आहे असे मात्र धरून चालू नका.

बारमध्ये एकाच टेबलावर दोन कायदे बसलेले असतात. थाळीवर जीएसटी, बिअर आणि फेणीवर राज्याचा व्हॅट, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. पेट्रोल-डिझेलही बाहेरच. दारूचे परवाने, भट्ट्या, काजूच्या रसाचे सगळे अबकारी खात्याकडे. ते खाते वेगळे, लोक मात्र दोघांनाही एकच समजतात. बिलात खाणे आणि पिणे वेगळ्या ओळींवर आहे का ते बघा. जिथे सगळे 'फूड अँड बेव्हरेज' म्हणून एका आकड्यात असते तिथे नक्की काहीतरी हरवलेले असते.

डिचोली-सत्तरीत काजू. इथे नवखे हमखास गोंधळतात. न सोललेली काजूबी शेतकऱ्याकडून घेतली तर कर शेतकऱ्याने भरायचा नाही, घेणाऱ्या कारखान्याने भरायचा, त्यालाच उलट आकारणी म्हणतात. त्यासाठी कारखान्याने स्वतःच खरेदीचे बिल बनवायचे, कर रोखीच्या खात्यातून भरायचा, मग त्याचे क्रेडिट घ्यायचे. मार्च ते मे या काळातले खरेदीचे रजिस्टर मागा, शेतकऱ्यांची नावे आणि वजने बघा, आणि ३बी मधल्या उलट आकारणीच्या रकान्याशी ताडा. रकाना रिकामा असेल आणि गोदामात पोती रचलेली असतील तर विचारायला जागा आहे.

अधूनमधून नवरा-बायकोचा प्रश्न येईल. दुकान बायकोच्या नावे, बसतो नवरा, आणि सुनावणीत तो म्हणतो, "अर्धे उत्पन्न माझे दाखवले आहे, मग उलाढालही अर्धी धरा." गोव्याच्या नागरी कायद्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ होते, आणि त्यात पगार सोडून बाकी उत्पन्न जोडप्यात निम्मे वाटले जायचे. तो हिशेब आयकराचा. जीएसटीत नोंदणी ज्याच्या नावे त्याची पूर्ण उलाढाल. शांतपणे समजावून सांगा. तो हुशारी करत नसतो, एका टेबलावरचा नियम दुसऱ्या टेबलावर लावत असतो.

नोटीस लिहिताना

छाननीची नोटीस एएसएमटी-१०. यंत्रणा तयार आकडे देते: ३बी मध्ये घेतलेले क्रेडिट इतके, २बी मध्ये दिसते इतके, फरक इतका. नवीन मुले तो फरक उचलून नोटिशीत चिकटवतात. असे करू नका. आधी महिनावार तक्ता काढा, कुठल्या पुरवठादाराचा फरक आहे ते शोधा. बऱ्याचदा एकाच पुरवठादाराने उशिरा भरलेले असते आणि फरक पुढच्या महिन्यात आपोआप जुळतो. जुळत नसेल तर नोटिशीत तो तक्ता जोडा. समोरच्याला उत्तराला तीस दिवस असतात. त्याला नेमका प्रश्न मिळाला तर तो नेमके उत्तर देतो, आणि पटले तर उत्तर मान्य असल्याचे एएसएमटी-१२ काढून विषय मिटवता येतो. विषय मिटवणे हेही काम आहे. काही साहेबांना ते काम वाटत नाही, तुम्हाला वाटू द्या.

पटले नाही तर पुढे डीआरसी-०१, म्हणजे कराच्या मागणीची नोटीस. इथे कलम ७५ कामी येते. त्यातली तीन पोटकलमे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. (४): समोरच्याच्या विरुद्ध निर्णय होणार असेल तर सुनावणी द्यायलाच हवी, त्याने मागितली नसली तरी. (६): आदेशात हकीगत आणि कारणे हवीत. (७): नोटिशीत मागितल्यापेक्षा जास्त रक्कम आदेशात टाकता येत नाही, आणि नोटिशीत नसलेले कारणही नाही. तहकुबी मागितली तर सबळ कारण बघून द्या, पण तीनदाच, तेही त्याच कलमात आहे.

एवढ्यावरून किती आदेश पडतात विचारू नका. "उत्तर समाधानकारक नाही, म्हणून मागणी कायम" हे वाक्य मी सहकाऱ्यांच्या फायलींत इतक्या वेळा वाचले आहे की ते रबरी शिक्क्यावर कोरून घेतले असते तर शाई वाचली असती. उत्तरात त्याने चार मुद्दे मांडले असतील तर चारही मुद्दे आदेशात यायला हवेत, प्रत्येकाखाली तुमचे म्हणणे. चौथा मुद्दा पटला तर तेवढी रक्कम वजा करा. पहिल्या अपिलाला तीन महिने असतात, वादातल्या कराच्या दहा टक्के भरून ते दाखल होते; तिथून पुढे जीएसटी न्यायाधिकरण, ज्याचे एक पीठ पणजीला दिले आहे, आणि मग पर्वरीचे उच्च न्यायालय. यातला प्रत्येक जण तुमचे वाक्य न् वाक्य वाचतो. तुमच्या मनात काय होते ते कोणी विचारत नाही.

सुनावणीत भाषेचा प्रश्न येतो. नोटिशी इंग्रजीत निघतात. पेडण्याच्या दुकानदाराशी मराठी-कोकणीत बोला, सासष्टीच्या माणसाशी त्याच्या कोकणीत, आणि तो जे बोलला ते इंग्रजीत उतरवल्यावर त्याला पुन्हा त्याच्या भाषेत वाचून दाखवून मगच सही घ्या.

रस्त्यावर

पत्रादेवी, दोडामार्ग, मोले, पोळे इथले विक्रीकराचे नाके जीएसटीबरोबर गेले. आता फिरती पथके. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेरून येत असेल तर ई-वे बिल, म्हणजे पोर्टलवर काढलेला वाहतुकीचा कागद, हवे. गाडी थांबवली की आधी चालकाचा जबाब एमओव्ही-०१, तपासणी करायची तर एमओव्ही-०२, मोजणीचा अहवाल एमओव्ही-०४, आणि थांबवल्यापासून चोवीस तासांत प्राथमिक नोंद पोर्टलवर. चालक रात्रभर गाडी चालवून आलेला असतो. त्याला पाणी द्या, बसू द्या, मालाचा मालक तो नाही हे विसरू नका.

आणि फुटकळ चुकीवर गाडी अडकवू नका. वाहन क्रमांकात एक-दोन अंक चुकले, नावाचे स्पेलिंग चुकले, पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर आहे, अशांसाठी सप्टेंबर २०१८ चे परिपत्रक आहे: केंद्र आणि राज्य अशा दोन्ही जीएसटी कायद्यांखाली पाचशे-पाचशे, किंवा आयजीएसटीत हजार रुपये दंड आणि गाडी मोकळी. कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड लावायला बिलच नसणे, मालच वेगळा निघणे असे काही हवे.

धाडीविषयी चार ओळी पुरतात. जॉइंट कमिशनर किंवा वरच्या अधिकाऱ्याचे लेखी अधिकारपत्र, आयएनएस-०१, हातात असल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. दोन साक्षीदार बाहेरचे हवेत. घरात जायचे तर महिला अधिकारी बरोबर हवी. खात्यात बायका कमी होत्या तेव्हा मला दुसऱ्या वॉर्डांच्या धाडींना यासाठीच नेत. आणि तिथेच चेक लिहून घेण्याचा मोह टाळा. झडतीच्या वेळी वसुली करू नका, असे केंद्रीय मंडळाने मे २०२२ मध्ये स्पष्ट बजावले आहे. त्याला स्वतःहून भरायचे असेल तर तो नंतर डीआरसी-०३ या फॉर्मने भरू शकतो.

ओळखीपाळखी

गोवा एवढासा. कोणत्याही वॉर्डात तुमचा कोणीतरी निघतोच: वर्गमित्र, नवऱ्याचा मामेभाऊ, देवळाच्या समितीवरचा. नात्यातली फाइल आली तर त्याच दिवशी वरिष्ठाला लेखी कळवून दुसऱ्याकडे द्या. तोंडी सांगून भागत नाही.

चवथीच्या आधी काजूचे डबे आणि मिठाईचे खोके येतात, नाताळात दोदोल आणि बिबिंका. परत करताना लाजू नका आणि भाषणही देऊ नका. "खात्यात चालत नाही" एवढेच म्हणा. एकाचे घेतले आणि दुसऱ्याचे परत केले तर दुसरा त्याचा अर्थ बरोबर लावतो. जागेच्या पाहणीला चहा पुढे आला तर प्या, एवढे सोवळे नको. पण जेवायला थांबू नका, आणि त्याच्या गाडीतून परत येऊ नका.

घरीही काही बोलायचे नाही. करदात्याची माहिती बाहेर सांगणे कलम १५८ ने बंद केले आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी "त्या अमक्याचे प्रकरण काय झाले गं?" विचारले की मी सोलकढी वाढायला घ्यायचे.

निवडणूक आली की सगळे टाकून निवडणुकीच्या कामाला जावे लागते. आणि मुदती थांबत नाहीत. आचारसंहितेच्या आधी डायरीत मुदतीच्या फायली वेगळ्या काढून ठेवा.

बदली झाली की

चार्ज देताना नुसती फायलींची यादी देऊ नका. प्रत्येक चालू प्रकरणापुढे तीन गोष्टी लिहा: शेवटचा कागद कुठला, पुढची तारीख कोणती, मुदत कधी संपते. मुदत चुकली तर आदेश उभा राहत नाही आणि मग दोष आधीच्या माणसावर ढकलला जातो, म्हणजे तुमच्यावर. पोर्टलवरची तुमच्या नावची कामे रिकामी झाली की नाही ते स्वतः लॉगिन करून बघा. डिजिटल सहीचा टोकन कारकुनाच्या खणात ठेवून जाऊ नका, तो सोयीचा असतो म्हणून लोक ठेवतात. तुमच्या सहीने दुसऱ्या कोणी काढलेली नोटीस तुमचीच धरली जाते. टोकन पर्समध्ये घाला, चार्ज रिपोर्टची सही झालेली प्रत घ्या, आणि नवीन माणसाला त्या वॉर्डातला चांगला चहा कुठे मिळतो ते सांगून निघा.